एकेचाळीस दिवसांचा पारा

नांदेड, १२ मे २०१६

ती. काका,
शरणू शरणार्थी.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. काकू म्हणाली, "लिही की. आलेलं टपाल फेकून द्यायची सवय न्हाई त्यांना." तेवढ्याच भरवशावर लिहिते.

तुम्हीच शिकवलंत की आधी घडलं ते लिहायचं आणि मग वाटलं ते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मी तसंच लिहिणार आहे. क्रम सोडला की मी स्वतःला सवलत देते, हे मला आता कळलं आहे.

२५ एप्रिलला तहसिलीत सुनावणी होती. आपल्या गावापासून किल्लारी फाट्यापर्यंतचा रस्ता रुंद करायचा, त्यासाठी दोन्ही बाजूंच्या चिंचा आणि कडुलिंब तोडायचे, एकूण एकशे त्रेसष्ट झाडं. हरकत तुमच्या एकट्याची होती. तुम्ही मला नांदेडहून बोलावून घेतलंत. "साहेबाला आकडे समजावून सांगायला आपलंच लेकरू हाय, एम.एस्सी. करायलंय," असं तुम्ही दुकानात येईल त्याला सांगितलं होतं म्हणे.

पिशवीतून तुम्ही वह्या काढल्यात. चौतीस वर्षांच्या. साहेबांनी विचारलं, "हे काय?" तुम्ही म्हणालात, "साहेब, ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. तवा मी चोवीस वर्षांचा होतो. मनात आलं, नव्या जिल्ह्याची पाटी लागली, कचेऱ्या लागल्या, पण हितं ऊन किती पडतं हे कुणी लिहायलंय का? म्हणून थर्मामीटर आणला. रोज सांजच्याला लिहितो."

मग तुम्ही जे बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "जग तापलंय ते कोळशानं, डिझेलनं. त्यात आपल्या गावाचा वाटा चिमूटभर. पण आपण बी कमी न्हाई. ऊस गेला की पाचट पेटवून देतो, सावली दिसली की तोडतो. साहेब, मी रस्ता नको म्हणत न्हाई. आधी बाजूला नवी रांग लावा, तीन वर्षं जगवून दाखवा, मग जुनी तोडा. एवढंच."

साहेब ऐकत होते, काका. खरंच ऐकत होते. त्यांनी पेनाचं टोपण लावून ठेवलं होतं.

मग ठेकेदाराच्या इंजिनिअरनं एक वही ओढून घेतली आणि चाळायला लागला. आणि मग मी बोलले. मी म्हणाले, "साहेब, एक सांगायला हवं. भूकंपात जुनं गाव गेलं, त्यानंतर थर्मामीटर नव्या गावात तीन किलोमीटरवर, उघड्या माळावर लावला. जागा बदलली. त्यामुळे त्र्याण्णवच्या आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ जोडता येत नाहीत."

हे खरं आहे. तुमच्या वहीत पहिल्याच पानावर तुम्हीही ते लिहिलं आहे. शास्त्राचा नियमच आहे की दोष आपणच आधी सांगावा. मी खोटं काहीही बोलले नाही.

इंजिनिअर हसला. "म्हणजे दुकानातली वही, दुकानातच बरी." सगळे हसले. साहेबांनी लिहिलं, नोंदवही पुरावा म्हणून ग्राह्य नाही. तुम्ही चष्मा पुसत होतात.

जीपमध्ये तुम्ही पुढं बसलात, मी मागं. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. मी खरं बोलले याचा तुम्हाला राग यावा, असे तुम्ही नाही, म्हणून मला काही कळत नाही. एका ओळीचं कार्ड टाकलंत तरी पुरे.

तुमची,
गंगांबिका


नांदेड, २९ मे २०१६

ती. काका,
शरणू शरणार्थी.

तुमचं पत्र आलं नाही. ते येणार नाही हे माहीत असूनही मी रोज खाली जाऊन पेटी बघते. घरमालकीणबाई म्हणाल्या, "कुणाच्या पत्राची वाट बघून राहिलीस गं? आजकाल पत्रं फक्त बँकेची येतात."

काकूचा फोन आला होता. झाडं नऊ दिवसांत गेली म्हणाली. यंत्रं आणली होती, त्यामुळे आवाज कमी आणि धूळ जास्त. चिंचेखाली भजी तळणारे अमृतराव आता पत्र्याच्या तुकड्याखाली बसतात आणि गिऱ्हाईक आलं की तुमचं नाव घेऊन म्हणतात, "मडिवाळप्पाला विचारा, किती डिग्री झालं. आता खोटं का हुईना, सांगतील तरी." काकूनं हे मला सांगायला नको होतं. मग तीच म्हणाली, "तुला सांगू नको तर कुणाला सांगू? हितं कुणाशी बोलायचं?"

आणि मग तिनं ती गोष्ट सांगितली. तुम्ही लिहायचं बंद केलंत.

भूकंपानंतरचे तीन महिने थर्मामीटरच नव्हता, तेवढे सोडले तर तुम्ही एक दिवस चुकवला नव्हता. माझ्या आप्पांचं, म्हणजे तुमच्या थोरल्या भावाचं, ऑपरेशन झालं त्या दिवशीही तुम्ही लातूरहून शेवटच्या गाडीनं परत आलात. आणि आता काकू म्हणते, वह्या वरच्या फळीवर साखरेच्या रिकाम्या पोत्यात आहेत.

काका, माझं शिक्षण त्या वह्यांपाशीच सुरू झालं. शाळेच्या दारात गेलं की मला उलटी व्हायची. मास्तर म्हणाले, पोरगी भित्री आहे, चार फटके द्या. तुम्ही म्हणालात, "राहू द्या. मी शिकवतो." चौथीपर्यंत तुम्हीच शिकवलंत, दुकानात, गुळाच्या ढेपांमागं. बेरीज शिकवलीत ती पाऱ्याच्या आकड्यांनी. आणि मी आठ वर्षांची असताना गोळ्यांच्या दोन काचेच्या बरण्या उन्हात ठेवल्यात. एकीला झाकण, एकीला नाही. दोन्हींत एकेक थर्मामीटर. अर्ध्या तासानं झाकणाच्या बरणीतला पारा वर. मी विचारलं, पृथ्वीला झाकण कुणी लावलं? तुम्ही म्हणालात, "पहिल्यापासून थोडं होतंच, न्हाईतर आपण गारठून मेलो असतो. आता ते जाड करायलेत. जमिनीखाली गाडलेला कोळसा वर काढून जाळायचा आणि त्याचं झाकण आपल्याच डोक्यावर घ्यायचं." आमच्या प्राध्यापकांना हेच सांगायला दोन तास लागले.

मी तुम्हाला आता एक गोष्ट कबूल करते. सुनावणीत माझं एक वाक्य राहिलं. मी म्हणाले, आकडे सरळ जोडता येत नाहीत. पुढचं वाक्य असं होतं की हिशोब केला तर जोडता येतात. शेजारच्या जुन्या वेधशाळेचे आकडे घ्यायचे, आपले भूकंपाआधी त्यांच्यापेक्षा किती वेगळे होते आणि नंतर किती, ते बघायचं, तेवढा फरक वजा करायचा. सगळ्या जगात असंच करतात, कारण जगभर थर्मामीटर हलवावे लागतात. हे मला त्या दिवशीही येत होतं. तुम्ही मला त्यासाठीच बोलावलं होतं. आणि मी पहिलं वाक्य बोलून खाली बसले.

का बसले, ते नंतर लिहीन.

तुमची,
गंगांबिका


नांदेड, १९ जून २०१६

ती. काका,
शरणू शरणार्थी.

राहिलेलं वाक्य पुरं करते आहे. सुनावणीच्या आधी मी तुमच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. आता रोज सकाळी दोन वर्षं याप्रमाणे ती संगणकात भरत आले आहे. वेधशाळेचे आकडे विद्यापीठातून मिळाले.

खोलीवर माझ्याबरोबर तारामती असते. अर्धापूरची आहे, घरी केळीच्या बागा. ती शेजारी बसून आकडे वाचते आणि मी भरते. काल म्हणाली, "तुझे काका म्हणजे अख्खं हवामान खातंच की गं. माझा बाप रोज नुसती मोटार चालू केली का विचारतो." मग तिनं विचारलं, की एवढा मोठा माणूस तुझ्याशी बोलत का नाही? मी म्हणाले, मी खरं बोलले म्हणून. ती जोरात हसली. "तू? मेसच्या बाईला रोज सांगतीस, मावशी भाजी मस्त झाली, आणि अर्धी ताटात टाकतीस. तुझ्या खरं बोलण्यानं कुणी रुसल असं मला तरी वाटत न्हाई."

मला दिवसभर ते लागलं.

हिशोब झाला ते सांगते. तुमच्या वहीतली उन्हाळ्यातली वाढ सरळ काढली तर दोन अंशांच्या जवळ जाते. त्यातला जवळजवळ एक अंश जागा बदलल्यामुळे आहे. तेवढा वजा केला तरी एक अंशाहून थोडी जास्त वाढ उरते. उरते, काका. वही खरी आहे. मी त्याचा चार पानांचा कागद केला आहे. आमच्या मॅडमनी तो तपासला आणि विचारलं, "हे गृहस्थ कोण आहेत? यांना विभागात बोलवा." 

मॅडमनी एक प्रश्न मात्र विचारला. "मधे कुठे खंड आहे का? कुणी दुसऱ्यानं नोंद घेतलेली?" मी म्हणाले, बघून सांगते.

२००३ साल मी अजून भरलेलं नाही. तारामती म्हणते, ते एकच का ठेवलंस? मी म्हटलं, फोटो नीट आलेला नाही. फोटो स्वच्छ आलेला आहे.

तुमची,
गंगांबिका


नांदेड, ३ जुलै २०१६

ती. काका,

आज मी सगळं लिहिते.

मे २००३. तुम्हाला कावीळ झाली आणि तुम्हाला उदगीरला काकूच्या माहेरी नेलं. तिथला वैद्य चांगला होता. मी साडेनऊ वर्षांची होते. निघताना तुम्ही माझ्या हातात लोहचुंबक दिलात आणि म्हणालात, "अंबक्का, सांजच्याला खोका उघडायचा. वरची सुई कुठं अडकली ते लिहायचं, ते सगळ्यात जास्त; खालची कुठं ते लिहायचं, ते सगळ्यात कमी; मग चुंबकानं दोन्ही सुया पाऱ्याला टेकवायच्या. न्हाईतर उद्याचं कळायचं न्हाई. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाई." अंगणातल्या खांबावरचा तो पांढरा खोका. मी पाट घेऊन त्यावर उभी राहायची.

पहिल्याच दिवशी, चार तारखेला, फळी उघडली आणि गांधीलमाशी चावली. हाताला, अंगठ्याजवळ. आत पोळं धरलं होतं. मी फळी लावून टाकली. अव्वा-आप्पांना सांगितलं, गोठ्यात काहीतरी चावलं. खरं सांगितलं असतं तर आप्पांनी टेंभा पेटवून पोळं जाळलं असतं आणि त्यात खोकाही जळाला असता. थर्मामीटर जळाला असता. तुम्ही आजारी असताना. मला एवढंच सुचत होतं.

म्हणून मी आदल्या वर्षीची वही उघडली. २००२ च्या मे महिन्यातले आकडे बघितले आणि कुठं अर्धा वाढवून, कुठं अर्धा कमी करून लिहीत गेले. एकसारखे दिसू नयेत म्हणून मध्ये एक दिवस ढगाळ केला. रोज वाटायचं, उद्या उघडू. तुम्ही १४ जूनला परत आलात. म्हणजे मी एकेचाळीस दिवस खोटे लिहिले.

तुम्ही आल्यावर पहिल्यांदा खोक्याकडं गेलात. मी दुकानाच्या दारात उभी होते. फळी लवकर उघडेना. ओढलीत तेव्हा वाळलेलं पोळं मधोमध फाटलं. तुम्ही बराच वेळ आत बघत उभे राहिलात. मग सुरीनं ते खरवडून काढलंत आणि मला विचारलंत, "माश्या चावल्या का गं?" मी म्हणाले, "न्हाई." तुम्ही म्हणालात, "बरं."

तेवढंच. नंतर तेरा वर्षं तुम्ही तो विषय काढला नाही आणि मी समजले, सुटले.

सुनावणीत इंजिनिअरनं वही ओढली आणि चाळता चाळता तो थांबला. मला लांबूनच ते पान ओळखू आलं. गोल गोल अक्षर, शून्यं मोठी. त्यानं विचारलं, "हे कुणी लिहिलंय? लहान पोराचं अक्षर दिसतंय." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तेवढ्यात मी भूकंपाचं बोलले. मला शास्त्राचा नियम पाळायचा नव्हता, काका. मला त्या इंजिनिअरला त्या पानावरून हलवायचं होतं. त्यानं पान सोडलं आणि माझं वाक्य पकडलं. आणि पुढचं वाक्य मी बोलले नाही, कारण बोलले असते तर साहेबांनी म्हटलं असतं, मग दाखवा हिशोब, उघडा वह्या.

एक खरं सांगून मी दुसरं झाकलं. लहानपणी माशीला भ्याले आणि बाविसाव्या वर्षी एका पानाला.

हे मी गेल्या आठवड्यात लिहिणार होते. पण आधी २००३ भरून घ्यावं म्हटलं, निदान किती नुकसान केलं ते आकड्यात कळेल. दरवर्षी ३१ डिसेंबरला तुम्ही वर्षाच्या कमाल पाऱ्याची बेरीज आणि सरासरी लिहिता. माझी बेरीज आली १२,५३५. तुमची लिहिलेली होती १०,८५४. मला वाटलं, तुमची बेरीज चुकली. असं कधी झालं नव्हतं. तारामतीकडून पुन्हा करून घेतली. तेवढीच आली. मग तुमची सरासरी बघितली, ३३.५. पण १०,८५४ ला ३६५ नं भागलं तर तीसही येत नाही. मी उलटं केलं, १०,८५४ ला ३३.५ नं भागलं.

३२४.

तारामती म्हणाली, "वर्ष तीनशे चोवीस दिवसांचं हाय का तुमच्या गावात?" मग तिनं माझं तोंड बघितलं आणि उठून बाहेर गेली.

चार मे ते तेरा जून, मी लिहिलेल्या आकड्यांची बेरीज केली. १,६८१. तुमच्या आणि माझ्या बेरजेतला फरक नेमका तेवढा.

तुम्हाला माहीत होतं. त्याच वर्षी माहीत होतं. तुम्ही पान फाडलं नाही, माझ्या आकड्यांवर रेघ मारली नाही, मला बोलला नाहीत, फक्त ते मोजले नाहीत. आणि मोजले असते तर तुमचाच फायदा होता. उन्हाळ्याचे दिवस गाळल्यामुळे ते वर्ष थंड दिसतं. वाढ कमी दिसते. तरी तुम्ही गाळले.

आणि सुनावणीत तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं, साहेब, ते पान पुतणीनं लहानपणी लिहिलं, मी ते धरलेलं नाही, हे बघा भागिले तीनशे चोवीस. एका वाक्यात वही वाचली असती. कदाचित झाडंही. पण मग सगळ्या तहसिलीत माझं नाव खराब झालं असतं. तुम्ही चष्मा पुसत राहिलात, आणि मी समजत होते की तुम्हाला माझा राग आला म्हणून गप्प आहात.

मी सोमवारी येते आहे. आधी तहसिलीत जाईन.

गंगांबिका


नांदेड, १८ जुलै २०१६

ती. काका,
शरणू शरणार्थी.

मी तहसिलीत काय केलं ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते.

लेखी निवेदन दिलं. त्यात २००३ चे एकेचाळीस दिवस मी खोटे लिहिले, त्या वेळी मडिवाळप्पांचा त्यात काही हात नव्हता आणि त्यांनी ते कधीच हिशोबात धरले नाहीत, असं लिहून सही केली. चार पानांचा कागद जोडला. टेबलावरच्या बाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "पण बाई, झाडं तर तुटली. आता याचा उपयोग काय?"

मी म्हणाले, "उपयोग नाही. पण वही ग्राह्य नाही असं इथं लिहून ठेवलंय. त्याच्या शेजारी हे ठेवा."

"शेरा साहेबांच्या सहीचा हाय. तो काही बदलत न्हाई."

"नका बदलू. शेजारी ठेवा."

त्यांनी शिक्का मारून पोच दिली. मग हळूच म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूचा रस्ता अजून व्हायचाय, पुढच्या गावापर्यंत. त्याची सुनावणी लागली की मी ही फाइल वर ठेवते." एवढं झालं. यापेक्षा जास्त काही झालं असं मी तुम्हाला भासवणार नाही.

किल्लारी फाट्यावर जीप सोडून मी चालत आले. झाडं असताना मी कधी तो रस्ता मोजला नव्हता. बुंधे अजून आहेत. माणसं त्यांवर बसतात. पाऊस बरा झालाय, बाजूच्या शेतांत सोयाबीन उगवलंय आणि रस्ता मात्र टाचांना भाजतो.

दुकानात तुम्ही चंद्रप्पांना तूरडाळ तोलून देत होतात. अमृतरावही होते, पुडीतला चहा घ्यायला आलेले. मी आत आले नाही. पायरीवर उभी राहिले आणि निवेदनाची प्रत मोठ्यानं वाचली.  अमृतरावांनी मध्येच म्हटलं, "म्हंजे म्हातारा खरा होता म्हणा की!" आणि मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण चहाची पुडी तशीच ठेवून ते निघून गेले.

तुम्ही पारडं खाली ठेवलंत. चंद्रप्पा गेले. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, झालं गेलं. किंवा म्हणाल, निघ. दोन्हीची मी तयारी करून आले होते.

तुम्ही म्हणालात, "आत ये. उन्हात उभी राहू नको."

आणि काकूनं पाणी दिल्यावर तुम्ही जे विचारलंत त्याची मी तयारी केली नव्हती.

"अंबक्का, मी उदगीरला खाटेवर पडून होतो. रोज वाटायचं, आज लई तापलंय, पंख्याचा वारासुद्धा भाजायलाय. वैद्याला म्हणायचो, घरी गेलो की बघतो किती झालं होतं. माझ्या जन्मात असलं ऊन न्हाई बघितलं. घरी आलो, फळी उघडली. सुई पंचेचाळीसवर अडकून बसली होती, मी गेल्यापासून कुणी परत टेकवलीच नव्हती. चौतीस वर्षांत पंचेचाळीस कधी न्हाई झालं. वहीत तू जास्तीत जास्त त्रेचाळीस लिहिलंस." मग तुम्ही वरच्या फळीवरच्या पोत्याकडं बघितलंत. "पंचेचाळीस मी लिहिलं न्हाई. तारखेशिवाय कसं लिहिणार? तेरा वर्षं झाली, मनात हाय. तू घरी होतीस. तो दिवस कोणता होता?"

तुमच्या आवाजात राग नव्हता. तुम्हाला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि तुम्ही म्हणालात, "आठवून सांग. घाई न्हाई."

म्हणून आज लिहिते आहे. मी पाच दिवस आठवलं. अव्वाला विचारलं. ती म्हणाली, एकदा कोंबड्या मेल्या होत्या, पण ते त्या वर्षी की पुढच्या, तिला सांगता येईना. आप्पा म्हणाले, बसम्माच्या लग्नात मांडवात दोघं चक्कर येऊन पडले होते. मी पत्रिका शोधली. लग्न २९ एप्रिलचं निघालं. वेधशाळेचे आकडे बघितले. तिथं २२ मे आणि ३ जून, दोन्ही दिवस सारखेच तापलेले आहेत. आपल्या गावात कोणता, ते त्यावरून ठरत नाही. अंदाजानं एक सांगता आला असता. तुम्ही तो लिहूनही घेतला असता, कारण मी सांगितला म्हणून.

मला तो दिवस माहीत नाही, काका. त्या सगळ्या दिवसांत मी खोक्यापासून दहा पावलांवर सावलीत बसून आकडे बनवत होते. कोणत्या दिवशी जास्त भाजलं, याकडं माझं लक्षच नव्हतं. त्या वर्षी आपल्या गावात सगळ्यात जास्त ऊन कधी पडलं, हे सांगू शकेल असं गावात एकच माणूस होतं. ते काम तुम्ही माझ्याकडं दिलं होतं.

तुमची,
अंबक्का